सातवी किल्ली

दाजींना 'दाजी' म्हणायचा हक्क खरं तर जगात एकाच माणसाला होता, तो म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाला. पण हा मेव्हणा त्यांच्याच दुकानात कामाला होता आणि दिवसभर त्याचा पुकारा चालायचा, "दाजी, पक्कड द्या", "दाजी, गिऱ्हाईक आलंय". ते ऐकून आधी शेजारचा टायरवाला त्यांना दाजी म्हणायला लागला, मग समोरचा सीटकव्हरवाला, मग गिऱ्हाइकं. निम्मं गाव असं फुकटात त्यांचं मेव्हणं होऊन बसलं. त्यांची बायको दुपारचा डबा घेऊन आली की गल्लीभर "ताई, आज काय आणलंय?" सुरू व्हायचं. एवढे भाऊ सांभाळण्यापेक्षा डबा सकाळीच देत जाईन, असं ती म्हणायची. पण यायची मात्र रोज दुपारीच.

दुकान गाड्यांना स्टिरिओ बसवायचं होतं. दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड, भिंतीला टांगलेली वायरींची वेटोळी, कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर चहाचे ग्लास ठेवायला एक लाकडी फळी. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. डॅशबोर्ड खोलणं, वायरी ओढणं, स्पीकर बसवणं, ही सगळी मेव्हण्याची कामं. ती झाली की दाजी हात पुसून ड्रायव्हरच्या सीटवर बसत, काचा वर करत आणि आवाज लावत. मग मेव्हणा गाडी पुढं नेऊन पुसून गिऱ्हाइकाच्या हवाली करी.

"हा गाडीला तोंड बसवतो, मी तिला बोलायला शिकवतो," असं दाजी गिऱ्हाइकाला सांगत.

मेव्हणा मागून म्हणे, "तोंड बसवायला चार तास लागतात आणि बोलायला शिकवायला दहा मिनिटं. पण नाव कुणाचं? दाजींचं!"

नाव होतंच तसं. पूर्वी लोक कॅसेट घेऊन येत, मग सीडी घेऊन आले, आणि आता सगळ्यांचं गाणं फोनमध्ये जाऊन बसलं होतं. फोन आला तसे आवाजाचे नवे रोग आले. लोक फोनचा आवाज अर्धा ठेवून स्टिरिओ पूर्ण पिळत आणि मग "खरखर येते" म्हणून भांडायला येत. दाजी म्हणत, "अहो, फोन कुजबुजतोय आणि तुम्ही स्टिरिओला ओरडायला लावताय. आधी फोनचा आवाज पाऊणच्या वर न्या, मग स्टिरिओ हळूहळू चढवा." फोनमधली 'दणदणीत आवाज', 'कॉन्सर्ट हॉल' असली नटवी सेटिंगं ते आधी बंद करायला लावत, कारण एकाच भाजीत दोघांनी मीठ घालू नये. शक्यतो यूएसबीची वायर वापरा, जमलं नाही तर ब्लूटूथ, आणि हेडफोनच्या भोकातली ऑक्सची वायर लावायचीच असेल तर निदान धड लावा, असं त्यांचं शास्त्र होतं. ते ऐकायला कुणाला वेळ नसला तरी दाजी सांगितल्याशिवाय गाडी सोडत नसत.

पण खरी गंमत त्यांच्या परीक्षेची होती. आवाज लावणारे बाकीचे लोक एखादं गाणं लावतात. दाजींचा गाण्यावर विश्वास नव्हता. गाणं गोड असलं की माणूस वाईट आवाजालाही माफ करतो, असं त्यांचं म्हणणं. ते लावत किल्ल्या. त्यांच्या खिशात सात किल्ल्यांचा एक जुडगा असायचा, आणि तो हलवल्याचा, लाकडी फळीवर टाकल्याचा आवाज त्यांनी एका रेकॉर्डिंगवाल्या मित्राकडून चांगल्या माइकवर भरून घेतला होता. किल्ल्यांचा आवाज लहानपणापासून सगळ्यांच्या ओळखीचा. तो स्पीकरमधून बोथट आला तर ट्रेबल कमी आहे, टोचला तर जास्त आहे, म्हणजे आवाजाची बारीक धार जास्त झालीय. सुरुवातीला दाजी ती फळी डॅशबोर्डवर ठेवत, एकदा खरा जुडगा टाकत, एकदा फोनमधला वाजवत, आणि दोन्ही आवाज सारखे झाले की "झालं" म्हणत. पुढं पुढं तो आवाज डोक्यात इतका पक्का बसला की खरा जुडगा टाकायची गरजच वाटेना. फळी टेबलावर गेली आणि तिच्यावर चहाचे ग्लास आले. या एका आळसानं पुढं जे व्हायचं ते झालं.

त्या सात किल्ल्यांपैकी तिघींची कुलपं आता जगात उरली नव्हती. एक विकलेल्या स्कूटरची, दोन भाड्यानं राहत होते त्या खोलीच्या. पण जुडग्याचा आवाज बदलू नये म्हणून दाजी एकही किल्ली काढू देत नसत. सगळ्यात लहान किल्ली पत्र्याच्या पेटीची होती. एकदा, फार वर्षांपूर्वी, बायकोनं ती सकाळी काढून घेतली होती. संध्याकाळी दाजींनी घराचं दार उघडता उघडता थांबून विचारलं होतं, "पेटीची किल्ली कुठाय?" हात न लावता, न बघता, नुसत्या आवाजावरून! ही गोष्ट बायकोनं तिच्या सगळ्या भावांना, म्हणजे अख्ख्या गल्लीला, कौतुकानं सांगितली होती.

तर असे हे दाजी. वय साठीला टेकलेलं, प्रकृती ठणठणीत, गर्व थोडासा, आणि तोही कानांपुरताच.

मेव्हण्याच्या मुलीला मूल झालं तेव्हा तो नातीला बघायला म्हणून तीन आठवडे परगावी गेला. दुकान सुरू झाल्यापासून तो इतके दिवस कधी लांब राहिला नव्हता. जाताना म्हणाला, "दाजी, मोठी कामं घेऊ नका. मी येईपर्यंत जरा दमानं घ्या."

"म्हणजे? तू नसलास तर गाड्या मुक्या राहतील काय?" दाजी म्हणाले.

मेव्हणा काहीतरी बोलणार होता, पण नुसताच हसला आणि गेला. वायरिंगला दाजींनी ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन बोलावला, आणि काम चालू ठेवलं.

पहिल्या आठवड्यात एक बँकवाले साहेब परत आले. "आवाज जरा टोचतो हो, दाजी." दाजींनी त्यांचा फोन तपासून निदान केलं, "गाणीच हलकी भरलीयत तुमची." दुसऱ्या आठवड्यात एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी तीच तक्रार केली. त्यांना दाजींनी सांगितलं, की हल्लीचे फोनच असे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दाजींना चांगली ठाऊक होती, पण ती आपल्यालाही लागू पडेल असं कुणालाच वाटत नाही, तसं त्यांनाही वाटलं नाही.

मग टॅक्सीवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, केस करकचून बांधलेले, स्वतःची टॅक्सी दिवसाला दहा-दहा तास चालवणाऱ्या. आठवड्यापूर्वीच दाजींनी त्यांचा आवाज लावून दिला होता. त्यांनी गाडी शेडमध्ये घातली, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली केली.

"दाजी, हे बघा जरा. माझं डोकं उठलंय."

"काय वाजवता?"

"गाणी नाही हो. मी औषधांचा कोर्स करते, दुकानात औषधं द्यायचा. तीन आठवड्यांनी परीक्षा आहे. पुस्तक घेऊन बसायला वेळ कुठाय? म्हणून मीच धडे मोठ्यानं वाचून फोनमध्ये भरलेत. गिऱ्हाईक उतरलं की लावते. पण ऐकवत नाही. प्रत्येक 'स'ला कानात सुई टोचते, आणि औषधांच्या नावात तर सगळीकडे 'स'च 'स'! त्यात ती शीळ."

"कसली शीळ?"

"ही काय."

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला. दाजींनी कान दिला. स्पीकरमधून बाईंचाच आवाज येत होता, पोटाच्या औषधांविषयी काहीतरी सांगणारा. बाकी काही नाही.

"शीळ नाहीये, मॅडम."

"अहो, नाही काय! इंजिनाबरोबर चढतेय."

"तो इंजिनाचाच आवाज असेल."

एवढ्यात टायरवाला हातातला जॅक तसाच घेऊन आत डोकावला. "दाजी, कसली शिट्टी वाजतेय केव्हाची? माझ्या कानात किडा शिरल्यासारखं झालं."

दाजी टायरवाल्याकडे बघत राहिले. टायरवाला थट्टा करणारा माणूस होता, पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. बाई म्हणाल्या, "राहू द्या, दाजी. वेळ मिळाला की परत येते. नाहीतर बंदच ठेवते, आणि काय." त्या बंद ठेवणार म्हणजे अभ्यास बंद ठेवणार, हे दाजींना कळत होतं.

गाडी गेल्यावर त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्वतःच्या गाडीत जाऊन बसले. फोन जोडला, किल्ल्या लावल्या. आवाज बोथट आला. त्यांच्या डोक्यातल्या किल्ल्यांना धार होती, आणि या कुणीतरी रुमालात गुंडाळल्यासारख्या वाजत होत्या. त्यांचा हात नेहमीच्या सवयीनं ट्रेबलकडे गेला. मग थांबला. ते उतरले, टेबलावरचे ग्लास बाजूला ठेवले, फळी पुसली, आणून डॅशबोर्डवर ठेवली. खिशातून खरा जुडगा काढला आणि कितीतरी वर्षांनी फळीवर टाकला.

खऱ्या किल्ल्याही रुमालातच वाजल्या.

त्यांनी परत टाकला. कानाजवळ नेऊन हलवला. किल्ल्या डोळ्यांसमोर एकमेकींवर आपटत होत्या आणि आवाज मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. दाजी घाबरले. असे घाबरले, की काही वेळ त्यांना गाडीचं दार उघडायचंही सुचलं नाही. तीस वर्षं ज्यावर घर चाललं, ज्याचा दिमाख मिरवला, ते कधी निसटून गेलं याचा त्यांना पत्ताच लागला नव्हता.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमत नसे. ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, कपाट उघडलं, आणि बटणांच्या डब्यातून एक लहानशी किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली. पेटीची किल्ली.

दाजींनी जुडगा मोजला. सहा.

"कधी काढलीस?"

"उन्हाळ्याच्या आधी. पाच महिने होतील."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले," ती म्हणाली. "अहो, दाराची ती चिमणीची बेल किती वेळ चिवचिवत राहते, आणि तुम्ही तिच्याच खाली बसून पेपर वाचता. मला शंका आली. मग मी ही किल्ली काढली. म्हटलं, एका दिवसात ओळखतील आणि माझी शंका खोटी ठरेल. रोज संध्याकाळी तुम्ही दार उघडायला लागलात की मी आतून कान देऊन उभी राहायची. आज विचारतील, उद्या विचारतील." तिनं बटणांच्या डब्याचं झाकण लावलं. "मला स्वतःला खोटं ठरायचं होतं हो."

बायकोवर रागवावं असं दाजींना वाटत होतं, पण पाच महिने रोज दाराआड उभ्या राहिलेल्या माणसावर कसं रागावणार?

राग काढायला माणूस दोन दिवसांनी आला. मेव्हणा नातीचे फोटो दाखवायच्या घाईत दुकानात शिरला आणि दाजींचा चेहरा बघून फोन खिशात ठेवता झाला. दाजींनी बँकवाले, प्राध्यापक, टॅक्सीवाल्या बाई, सगळं सांगितलं आणि विचारलं, "तू होतास तेव्हा एक तक्रार नाही. तू गेलास आणि तीन गाड्या परत. याचा अर्थ काय?"

मेव्हण्यानं मान खाली घातली. "दाजी, तुमचा आवाज लावून झाला की गाडी पुसायला मी पुढं नेतो ना..."

"मग?"

"तेव्हा ट्रेबल दोन घरं खाली आणायचो. आधी एकच आणायचो. हल्ली दोन."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

दाजींच्या हातातली पक्कड टेबलावर आदळली. "दीड वर्ष माझ्या पाठीमागं तू माझं काम पुसत होतास? आणि मी इथं बसून लोकांना शहाणपण शिकवत होतो? अरे, तोंडावर सांगायचं होतंस!"

"कसं सांगणार?" मेव्हण्याचाही आवाज चढला. "सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. मी वायरी ओढणारा माणूस. मला आवाजातलं जे काही कळतं ते तुम्हीच शिकवलंत. त्याच तोंडानं तुम्हाला सांगू, की दाजी, तुम्हाला ऐकू येत नाही? माझी जीभ उचलली नाही. रोज ठरवायचो आणि रोज तुम्ही काच वर करून बसलात की परत वाटायचं, आज बरोबर लावतील."

टायरवाला दारात आला होता, तो आल्या पावली परत गेला. दाजी म्हणाले, "तूच बघ आता दुकान," आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. गल्लीतले दोघे-तिघे चौकशीला घरी आले, त्यांना सर्दी झाल्याचं सांगण्यात आलं. सर्दी झालेला माणूस अंगणात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत होता.

चौथ्या दिवशी बायको त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथं काचेच्या छोट्या खोलीत बसवून त्यांच्या डोक्याला हेडफोन लावला, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. दाजी गाडीत बसतात तसे ताठ बसले. पहिले आवाज आले, त्यांनी दाबलं. खर्ज, मध्यम, सगळे पटापट. काचेपलीकडे तपासणाऱ्या मुलीचा हात यंत्राच्या बटणांवर फिरत होता. मग आवाज यायचे थांबले. मुलीचा हात मात्र फिरतच होता. म्हणजे आवाज चालू होता! दाजी त्या हाताकडे बघत बसले. नुसता हात बघून बटण दाबावं असा मोह त्यांना झाला, पण त्यांनी दाबलं नाही. आवाजाच्या बाबतीत ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. रेघ डावीकडून बरी चालत आली होती आणि उजवीकडे घसरगुंडीवरून घसरावी तशी खाली गेली होती. "वय आहे, शिवाय बंद गाडीत तीस वर्षं मोठा आवाज ऐकलात. बारीक आवाज गेलेत. मशीन लावलं तर बराच फायदा होईल."

दाजींनी कागद हातात घेतला, उलटा धरला आणि हसले. बायकोला वाटलं, धक्का बसला.

"अगं, हा कागद उलटा धरला की बघ, वरवर चढत जातो. मी गाड्यांना हेच सेटिंग देत होतो! माझ्या कानात जेवढं कमी पडत होतं, तेवढं प्रत्येक गाडीत वाढवून ठेवत होतो. दीड वर्ष मी लोकांच्या गाड्यांना माझ्याच कानाचं मशीन बसवत होतो की गं."

डॉक्टरही हसले. मशीन मापानं बनून यायला महिना लागणार होता, आणि त्याची सवय व्हायला आणखी काही. तोवर टॅक्सीवाल्या बाईंची परीक्षा होऊन गेली असती.

घरी आल्यावर बायकोनं सातवी किल्ली जुडग्यात घातली आणि त्यांच्यापुढं हलवली. "आता?"

"मला सहा काय नि सात काय."

"मला फरक कळतो."

"तुला कळणारच. तुझे कान..." म्हणता म्हणता दाजी थांबले. मग उठून फेऱ्या मारायला लागले. बायकोला ही लक्षणं ओळखीची होती, ती चहा टाकायला गेली. दाजी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात. "हे बघ, मी चुकलो कुठं? तर मी डोक्यातल्या किल्ल्यांशी जुळवत होतो. डोक्यातल्या किल्ल्या तिशीतल्या आणि कान साठीतले! खऱ्या किल्ल्या शेजारी वाजवल्या असत्या, तर माझ्या कानाला दोन्ही सारख्याच बोथट आल्या असत्या आणि मी ट्रेबलला हातच लावला नसता. आणि उरलेलं जे मला ऐकूच येत नाही, ते ज्याची गाडी त्याला ऐकू येतंच की. त्यानं फक्त काय होतंय ते सांगायचं. कुठलं बटण किती फिरवायचं ते माझ्या डोक्यात आहे. ते काही घसरगुंडीवरून गेलेलं नाही!"

"मग हे मला काय सांगताय?" बायको म्हणाली. "ज्याला सांगायचं तो दुकानात एकटा बसलाय. काल मला विचारत होता, दाजी जेवतात ना म्हणून."

दाजी दुकानात गेले तेव्हा मेव्हणा स्टुलावर बसून वायरी सोलत होता. दाजींनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "फोटो दाखवणार होतास ना? का नात नुसती तुझीच आहे?" मेव्हण्यानं फोन काढला. दोघांनी डोक्याला डोकं लावून सतरा फोटो बघितले. सगळ्यांत ती पोर झोपलेली होती. "कानांची ठेवण चांगली आहे," दाजी म्हणाले, आणि तेवढ्यावर भांडण मिटलं.

मग त्यांनी स्वतः बँकवाल्यांना आणि प्राध्यापकांना फोन करून परत बोलावलं. चूक तुमच्या फोनची नव्हती, माझी होती, असं स्पष्ट सांगितलं. सांगताना जड गेलं, सांगितल्यावर हलकं वाटलं. शेवटचा फोन टॅक्सीवाल्या बाईंना होता.

बाई आल्या तेव्हा दुपार होती आणि डबा घेऊन दाजींची बायको, म्हणजे गल्लीची ताईही आलेली होती. दाजींनी या वेळी कान दिला नाही, प्रश्न विचारले.

"मॅडम, शीळ फोन चार्जिंगला लावलेला असतानाच येते का?"

बाईंनी विचार केला. "हो. चार्जर काढला की जाते."

"आणि ऑक्सची वायर काढून नुसतं चार्जिंग ठेवलं तर?"

"नाही येत."

"मग झालं. चार्जर आणि वायर, दोन वाटांनी फोन गाडीला जोडला गेलाय, आणि गाडीच्या विजेचा गोंगाट त्यातून गोल फिरतोय. अरे, मधे गोंगाट अडवणारी ती लहान डबी टाक, आणि स्टिरिओच्या अर्थिंगची वायर घासून पक्की कर."

मेव्हणा डॅशबोर्डखाली शिरला. अर्ध्या तासानं बाईंनी इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दाबला, परत दाबला. टायरवालाही येऊन उभा राहिला होता. "गेली!" दोघं एकदमच म्हणाले. दाजींना तो आवाज येतानाही ऐकू आला नव्हता आणि जातानाही नाही, पण त्याचं घर त्यांनी बरोबर शोधलं होतं. त्यांना फार बरं वाटलं.

"आता इंजिन बंद. डोळे मिटा, मॅडम," दाजी शेजारच्या सीटवर बसून म्हणाले. डॅशबोर्डवर फळी होती. "मी दोनदा किल्ल्या वाजवीन. एकदा खऱ्या, एकदा फोनमधल्या, क्रम उलटसुलट. खऱ्या कुठल्या ते सांगायचं."

पहिल्या वेळी बाईंनी लगेच ओळखलं. "पहिल्या खऱ्या. दुसऱ्यांना फार धार आहे." दाजींनी ट्रेबल एक घर खाली आणला. "अजून धार आहे." आणखी एक घर. "आता दुसऱ्या खऱ्या. पण फरक थोडाच आहे." दाजींनी अर्धं घर खाली घेतलं, मग ट्रेबलच्या जरा खालचा, वरचा मधला आवाज कणभर कमी केला, कारण 'स' तिथंही टोचतो हे त्यांना माहीत होतं. मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेली ताई बघत होती. मेव्हणा दाराशी उभा होता.

किल्ल्या वाजल्या. परत वाजल्या.

"आता दोन्ही वेळा खऱ्या वाजवल्यात तुम्ही," बाई म्हणाल्या. "फसवताय मला."

त्यांनी डोळे उघडले. जुडगा ताईच्या हातात होता, मागच्या सीटवर, घट्ट मिटलेल्या मुठीत. फळी रिकामी होती. दोन्ही वेळा फोनच वाजला होता.

बाई आधी मुठीकडे बघत राहिल्या, मग खळखळून हसल्या. त्यांनी आपला धडा लावला. त्यांचाच आवाज गाडीत शांतपणे औषधांची नावं सांगायला लागला, एकामागून एक, एवढे सगळे 'स' आणि एकही टोचत नव्हता. त्या दोन मिनिटं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "आता पाठ होईल."

त्या हात धुवायला नळाकडे गेल्या. मेव्हणा नेहमीप्रमाणे गाडी पुढं घेऊन पुसायला ड्रायव्हरच्या सीटवर बसला. दाजी उतरून बाजूला उभे राहिले.

"काय रे," ते काचेतून वाकून म्हणाले, "दोन घरं खाली आणायचीत का?"

"नको दाजी," मेव्हणा म्हणाला. "असू द्या."

त्यानं गाडी सुरू केली. दाजी त्याच्या हातांकडे बघत होते. गाडी शेडच्या बाहेर पडून उन्हात जाऊन थांबेपर्यंत त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.